आचंद्रार्क राखण : ब्रिस्टल उपसागरातील सॅमन मासा आणि तांब्याची खाण

उत्तर अमेरिका खंडाच्या वायव्य टोकाशी, अलास्काच्या नैर्ऋत्य भागात, नद्या, सरोवरे आणि पाणथळ भूमी यांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. या प्रदेशातील नद्या बेरिंग समुद्राच्या ज्या फाट्याला येऊन मिळतात त्याला ब्रिस्टल उपसागर म्हणतात. निसर्गाने येथे दोन प्रकारची संपत्ती एकाच जागी ठेवली आहे. वर, पाण्यात, सॅमन जातीच्या माशांची जगातील सर्वांत मोठ्या वन्य समुदायांपैकी एक वस्ती आहे. खाली, खडकात, तांबे, सोने आणि मॉलिब्डेनम यांचा जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे. पहिली संपत्ती दरवर्षी आपल्या पायाने चालत यावी तशी परत येते. दुसरी एकदाच काढता येते, आणि ती काढावयाची तर पहिलीच्या उगमावरच घाव घालावा लागतो.

‘पेबल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियोजित खाणीविषयी गेल्या दोन दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे. ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ या ठरीव सूत्रात तो बसविण्याचा प्रघात आहे. परंतु त्या सूत्राने या वादातील मुख्य अडचण झाकली जाते. ती अडचण काळाच्या मापाची आहे. खाणीचे आयुष्य दशकांत मोजले जाते, माशाचे सातत्य सहस्रकांत, आणि खाणीमागे उरणाऱ्या गाळाच्या राखणीला तर शेवटच नाही. या तीन काळांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न समजून घेण्यासाठी आधी मासा, मग खनिज, आणि शेवटी त्या भूमीवरील माणसे व त्यांच्या भाषा अशा क्रमाने विचार करणे सोयीचे ठरेल.

१. मासा

‘सॅमन’ हे नाव ऐकताच एक घोटाळा संभवतो. कोकण किनाऱ्यावरील रावसाला व्यापारी इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः रावस निराळ्या कुळातील मासा असून सॅमनशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. जीवनक्रमाच्या दृष्टीने सॅमनच्या जवळ जाणारा आपल्याकडील मासा म्हणजे बंगालचा इलिश. समुद्रात वाढायचे आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढायचे, हा दोघांचाही धर्म. माणिक बंद्योपाध्याय यांच्या ‘पद्मा नदीर माझी’ (१९३६) या कादंबरीचा आरंभ इलिशच्या हंगामानेच होतो. नदी, मासा आणि मनुष्यवस्ती यांचे परस्परावलंबन भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला त्यामुळे नवे नाही. १९७५ मध्ये फराक्का येथील बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर गंगेच्या वरच्या पात्रातील इलिश कसा ओसरला, हेही सर्वश्रुत आहे.

सॅमनचा जीवनक्रम मात्र इलिशपेक्षा अधिक कठोर आहे. प्रशांत महासागरातील सॅमन आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो. ब्रिस्टल उपसागराच्या नद्यांत त्याच्या पाच जाती आढळतात. त्यांतील संख्येने सर्वांत मोठी जात ‘सॉकाय’ ही होय. (हे नाव ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील सॅलिश कुलातील भाषेतून आलेल्या शब्दाचा इंग्रजी अपभ्रंश आहे.) सॉकायची मादी उन्हाळ्याच्या अखेरीस ओढ्याच्या तळाशी असलेल्या खडीत खळगा करून दोन ते चार हजार अंडी घालते. हिवाळ्यात वरचे पाणी गोठते. पण खडीतून वर झिरपणारे भूजल त्यामानाने उबदार असल्याने अंडी तगतात. वसंत ऋतूत पिल्ले बाहेर पडतात, एक-दोन वर्षे सरोवरात काढतात, मग समुद्रात जातात आणि दोन-तीन वर्षांनी, पूर्ण वाढ झाल्यावर, नेमकी आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण अभिकरणाने जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९९० ते २००९ या काळात उपसागरात परतणाऱ्या सॉकायची वार्षिक सरासरी सुमारे ३ कोटी ७५ लक्ष होती. जगातील एकूण वन्य सॉकायपैकी जवळजवळ निम्मे सॉकाय या एका उपसागरातील आहेत. २०२२ मध्ये तर सुमारे ७ कोटी ९० लक्ष मासे परतले. तो नोंदींतील उच्चांक ठरला. नुशागाक नदीच्या मुखाशी मासे डबाबंद करण्याचा पहिला कारखाना १८८४ मध्ये निघाला. एवढ्या दीर्घ व्यापारी मासेमारीनंतरही ही संपत्ती टिकून आहे. याचे श्रेय बऱ्याच अंशी नियमनाला द्यावे लागेल. स्वच्छ पाण्याच्या नद्यांच्या काठी मचाणे उभारलेली आहेत; त्यांवर बसून गणक दर तासाला ठराविक मिनिटे वर चढणारे मासे डोळ्यांनी मोजतात, आणि विणीसाठी पुरेसे मासे वर गेल्याची खात्री पटेल त्या मानानेच खाली जाळी टाकण्यास मुभा मिळते.

मासा केवळ स्वतः येत नाही. समुद्रातील नत्र आणि स्फुरद तो आपल्या शरीरातून शेकडो किलोमीटर आत आणून टाकतो. विणीनंतर मेलेल्या माशांच्या कलेवरांवर अस्वले, गरुड आणि पाण्यातील कीटक पोसले जातात. काठावरच्या वृक्षांच्या लाकडातही समुद्रातून आलेल्या नत्राचा अंश सापडतो. आईबापांच्या देहावर वाढलेल्या सूक्ष्म जीवांवरच पुढील पिढीची पिल्ले जगतात. ओढा, मासा आणि अरण्य हे तीन वेगळे पदार्थ नसून एकाच व्यवहारातील तीन पक्ष आहेत, असे म्हणावे लागते.

२. गंधाची स्मृती

हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेला मासा आपला ओढा कसा ओळखतो? विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या सुमारास या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तेथील माती, खडक आणि वनस्पती यांमुळे एक विशिष्ट गंध असतो. समुद्राकडे जाताना पिल्लाच्या ठायी त्या गंधाचा ठसा उमटतो आणि परतीच्या वेळी तोच गंध वाट दाखवितो, असे त्यांचे अनुमान होते. १९७०च्या दशकात मिशिगन सरोवरात पिल्लांना विशिष्ट रसायनांच्या गंधाची ओळख करून देऊन पुढे त्याच गंधाच्या प्रवाहाकडे मासे वळतात काय हे पाहण्यात आले. ते वळले, आणि अनुमानाला बळकट आधार मिळाला.

तांब्याच्या खाणीचा धोका येथेच प्रथम उपस्थित होतो. विरघळलेले तांबे माशाच्या घ्राणेंद्रियाला बाधते. त्यासाठी मासा मरेल इतके तांबे पाण्यात असावे लागत नाही. एका लिटर पाण्यात नेहमीपेक्षा काही थोडे मायक्रोग्रॅम जास्त तांबे असले, तरी सॅमनच्या पिल्लांची गंध घेण्याची शक्ती थोड्याच वेळात मंदावते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. जखमी सोबत्याच्या कातडीतून सुटणारा धोक्याचा गंध त्यांना जाणवेनासा होतो आणि ती भक्षकाच्या तोंडी सहज पडतात. पेबलच्या परिसरातील पाणी अत्यंत मृदू, म्हणजे क्षारांचे प्रमाण अल्प असलेले आहे. अशा पाण्यात तांब्याचा उपद्रव अधिक तीव्र होतो. तात्पर्य, पाणी दिसावयास निर्मळ, मासा दिसावयास धडधाकट, आणि तरीही त्याची दिशा हरपलेली, अशी स्थिती संभवते. मेलेले मासे मोजता येतात. वाट चुकलेले मासे मोजणे फार अवघड.

३. अनेक ओढ्यांचे बळ

‘उपसागरात कोट्यवधी मासे येतात, मग उगमाकडचे दोन-चार ओढे गेले तर काय बिघडले?’ असा युक्तिवाद खाणीच्या बाजूने केला जातो. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु सॉकाय हा एकच एक समुदाय नाही. प्रत्येक जण आपल्याच ओढ्याकडे परतत असल्याने शतकानुशतके वेगवेगळ्या ओढ्यांत वेगवेगळे समुदाय घडत आले आहेत. कोणाची वीण लवकर, कोणाची उशिरा. कोणी उथळ ओढ्यात राहून बुटका, कोणी सरोवराच्या काठी राहून थोराड. असे काहीशे समुदाय या उपसागरात आहेत.

डॅनियल शिंडलर, रे हिलबॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ५० वर्षांच्या आकडेवारीच्या आधारे २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या विविधतेचे मोल मांडले. हे सर्व मासे एकाच साच्याचे असते, तर वर्षावर्षांतील चढउतार आजच्या दुपटीहून अधिक झाले असते आणि मासेमारी बंद ठेवण्याचा प्रसंग सुमारे दहापट वेळा आला असता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडील कोरडवाहू शेतकरी ज्वारीत तुरीच्या ओळी पेरतो, ते याच हिशेबाने : पावसाने एका पिकाला दगा दिला तर दुसरे हाती लागावे. एखाद्या वर्षी किचाक नदी रोडावते तेव्हा नुशागाक भरून वाहते. कधी याच्या उलट होते. ज्या ओढ्याचे आज नावही कोणी घेत नाही, तोच पुढे तापमान बदलल्यावर आधार ठरण्याची शक्यता असते. अलास्कातच उत्तरेकडील यूकॉन नदीतील सॅमन २०२०नंतर इतके घटले, की तेथील लोकांना पोटापुरती मासेमारीही बंद ठेवावी लागली. अशा काळात विविधतेला केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय मानता येत नाही.

पेबलचा साठा नेमका कोठे आहे हे आता पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येईल. तो कॉकटुली नदीच्या उत्तर व दक्षिण शाखा आणि अपर टॅलॅरिक ओढा यांच्या उगमाशी आहे. कॉकटुलीचे पाणी पुढे नुशागाकला मिळते. टॅलॅरिकचे पाणी इलियाम्ना या अलास्कातील सर्वांत मोठ्या सरोवरातून किचाक नदीत जाते. उपसागराच्या दोन प्रमुख नद्यांचा पाणलोट एकाच ठिकाणी विभागला जातो, आणि खाण नियोजित आहे ती त्याच ठिकाणी.

४. खनिज

सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला हा साठा १९८७ मध्ये कॉमिन्को कंपनीच्या शोधकांना आढळला. पुढच्या वर्षी तेथे भूछिद्रे घेण्यास आरंभ झाला. २००१ पासून त्याचे हक्क नॉर्दर्न डायनेस्टी या कॅनडातील कंपनीकडे आले. कंपनीच्या अंदाजानुसार चांगल्या प्रकारे पारखलेला साठा सुमारे ६५० कोटी टन आणि संभाव्य साठा आणखी सुमारे ४५० कोटी टन आहे. मात्र हे सर्व आकडे खडकाचे आहेत, धातूचे नव्हेत. पारखलेल्या खडकात तांब्याचे प्रमाण सरासरी ०.४० टक्का, म्हणजे हजार किलो खडकामागे चार किलो तांबे. सोने तर टनामागे एक-तृतीयांश ग्रॅमच्या आसपास. उरलेले जवळजवळ सर्व द्रव्य दळून, धुऊन, कोठेतरी ठेवावे लागते. मोठ्या प्रमाणावरील खाणकामाचा धोका समजण्यासाठी हे एकच गणित पुरेसे आहे : काढावयाचे थोडे, सांभाळावयाचे अफाट.

सांभाळावयाचे ते का? मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खाण म्हटली की बहुधा गोव्यातील लोहखनिजाच्या उघड्या खाणी येतात. तेथील खनिज ऑक्साइड स्वरूपाचे आहे; तेथील मुख्य दुखणे म्हणजे टाकाऊ मातीचे ढीग पावसात वाहून जाऊन नद्या आणि शेते गाळाने भरणे. पेबलचे खनिज सल्फाइड स्वरूपाचे, म्हणजे गंधकाशी संयुक्त आहे, आणि त्याचे दुखणे निराळे आहे. या खडकातील पायराइट जमिनीखाली असते तोवर निरुपद्रवी असते. त्याचा चुरा होऊन हवा आणि पाणी यांच्याशी संबंध आला, की गंधकाम्ल तयार होते. काही जीवाणू या क्रियेला प्रचंड वेग देतात. अम्लात खडकातील तांबे, जस्त आदी धातू विरघळतात आणि पाण्याबरोबर वाहू लागतात. ही क्रिया एकदा सुरू झाली, की पायराइट संपेपर्यंत ती चालू राहते.

कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन ही खाण याचे बोलके उदाहरण आहे. तेथील खाणकाम १९६३ मध्ये थांबले. पण डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणी सामान्य मापनपट्टीच्या पलीकडे जाण्याइतके आम्ल असल्याचे आढळले. त्याचा सामू उणे ३.६ इतका नोंदला गेला. खालून वाहणाऱ्या सॅक्रामेंटो नदीत सॅमनची वीण होते. तिला वाचविण्यासाठी खाणीचे पाणी अडवून त्यावर प्रक्रिया करणे भाग पडले आणि ते काम खंडित करता येत नाही. खाणीतून मिळालेले धन केव्हाच खर्च झाले; राखण मात्र चालू आहे.

५. बांध आणि वचन

धातू काढून घेतल्यावर उरणारा चिखलासारखा बारीक गाळ, ज्याला खाणव्यवसायात ‘टेलिंग्ज’ म्हणतात, तो दरी अडवून उभारलेल्या मातीदगडाच्या बांधामागे साठवितात. पाण्याच्या धरणात आणि या बांधात एक मूलभूत फरक आहे. धरण निकामी झाले तर रिकामे करून पाडता येते. गाळाचा बांध पाडता येत नाही. तो कायमचा उभा राहिला पाहिजे.

४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील माउंट पॉली या तांबे-सोन्याच्या खाणीचा असा बांध फुटला. सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ हेझल्टिन ओढ्याचे पात्र खरवडून क्वेनेल सरोवरात गेला. हे सरोवर फ्रेझर नदीच्या खोऱ्यातील सॉकायचे एक महत्त्वाचे संगोपनस्थान असून त्या वेळी मासे परतीच्या वाटेवर होते. जानेवारी २०१५ मध्ये तज्ज्ञसमितीने कारण सांगितले : बांधाच्या पायाखाली हिमयुगीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या मातीचा एक कमकुवत थर होता आणि पायाच्या तपासणीत तो लक्षात आला नव्हता. बांध जुना नव्हता, देश मागास नव्हता, कायदेही अस्तित्वात होते. अलास्काचा विचार करताना या घटनेला भूकंपाची जोड द्यावी लागते. २७ मार्च १९६४ रोजी त्या राज्यात झालेला ९.२ तीव्रतेचा भूकंप उत्तर अमेरिकेतील नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप आहे.

पेबलच्या २०२० मधील योजनेत या आक्षेपांची दखल घेण्यात आली होती, हे नमूद केले पाहिजे. अम्ल निर्माण करू शकणारा गाळ वेगळा ठेवून खाण बंद होताना खड्ड्यात पाण्याखाली पुरावयाचा, खड्ड्यातील पाण्याची पातळी उपसा करून खाली ठेवावयाची आणि ते पाणी शुद्ध करूनच ओढ्यात सोडावयाचे, अशी तरतूद तीत होती. यांतील प्रत्येक उपाय तंत्रदृष्ट्या समजण्यासारखा आहे. मात्र उपसा आणि शुद्धीकरण किती काळ करावयाचे, याचे उत्तर ‘निरंतर’ असे होते. योजनेप्रमाणे खनिज काढण्याचा काळ २० वर्षांचा.

‘निरंतर’ या शब्दाशी भारतीय अभ्यासकाचा परिचय जुना आहे. आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत दान ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, चालावे असे लिहिले जाई. पण वचन देणारा पुढे असणार नाही आणि ते पाळण्याचे ओझे अनोळखी वारसांवर पडणार आहे, याची जाणीव दात्याला असे. म्हणूनच त्याच लेखांच्या अखेरीस दान मोडणाऱ्याला शापवचनेही कोरलेली आढळतात. किती राजवंशांची दाने चंद्रसूर्यापर्यंत टिकली, हे इतिहासाच्या वाचकाला सांगावयास नको. आधुनिक कंपनी हा तर राजवंशाहूनही अल्पायुषी प्रकार. पेबलच्याच बाबतीत २००७ मध्ये भागीदार झालेली अँग्लो अमेरिकन ही बलाढ्य कंपनी २०१३ मध्ये बाहेर पडली. रिओ टिंटोने आपले भाग २०१४ मध्ये अलास्कातील दोन धर्मादाय संस्थांना देऊन टाकले. खाण निघण्यापूर्वीच जिचे धनी बदलतात, तिच्या गाळाची राखण शतकानुशतके कोण करणार, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या कक्षेत सुटणारा नाही.

६. भाषा आणि साक्ष

या प्रदेशात यूपिक, अथाबास्कन कुलातील डेनायना आणि अलूतीक या समाजांची मिळून २५ गावे आहेत. सॅमनवर आधारलेली त्यांची जीवनपद्धती किमान ४,००० वर्षे जुनी असल्याचे पुरातत्त्वीय पुरावे आहेत. यूपिक भाषेत ‘नेका’ हा शब्द ‘मासा’ आणि ‘अन्न’ या दोन्ही अर्थांनी येतो. आपल्याकडे ‘जेवण’ या अर्थी ‘भाकरी’ किंवा बंगालीत ‘भात’ म्हणतात, त्याच्याशी हे तोलून पाहण्यासारखे आहे. इलियाम्ना सरोवराला यूपिक भाषेत ‘मोठे सरोवर’ आणि डेनायना भाषेत ‘बेटांचे सरोवर’ अशा अर्थाची नावे आहेत. नकाशावर जेथे निर्मनुष्य माळ दिसतो, तेथे या भाषांत नावांची दाट वीण आहे.

शब्दाचा हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. नुकसानभरपाई ठरविताना माशाची किंमत बाजारभावाने लावतात. पण ज्या भाषेत मासा गेला म्हणजे अन्नच गेले असा अर्थ होतो, तेथे त्या जागी दुसरे खाद्य ठेवणे ही भरपाई ठरत नाही. मासे पकडणे, चिरणे, वाळविणे, धुरावणे आणि वाटणे ही कामे आजी-नातवंडे मिळून करतात. भाषा आणि नातीगोती याच कामांतून पुढे जातात. रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारलेल्या गावांत दर जानेवारीस गोठलेल्या नदीचा बर्फ फोडून पाण्याला आशीर्वाद देण्याचा विधी होतो. बाहेरून आलेला धर्मही तेथे नदीच्याच अंगाने रुजला.

मे २०१० मध्ये सहा आदिवासी परिषदांनी पर्यावरण संरक्षण अभिकरणाकडे अर्ज केला, आणि त्यातून २०१४ चा अहवाल जन्मास आला. त्याच्या परिशिष्टांत मत्स्यविज्ञान व भूजलविज्ञान यांच्या जोडीला अॅलन बोरास आणि कॅथरिन नॉट या मानवशास्त्रज्ञांनी केलेला सांस्कृतिक अभ्यास आहे. गावांतील वृद्धांच्या मुलाखतींवर तो आधारलेला आहे. मौखिक साक्षीला शासकीय दस्तऐवजात पुराव्याचे स्थान मिळावे, ही घटना मौखिक परंपरांच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. मात्र त्याला एक मर्यादाही आहे. ही साक्ष इंग्रजी अनुवादातून पोहोचते, आणि निर्णयाच्या वेळी तिची गणना किलोमीटर व हेक्टर यांच्या मागोमाग होते.

गावांचे मत एकमुखी आहे असे मात्र समजू नये. सरोवराकाठच्या काही गावांतून खाणीला पाठिंबाही मिळाला. तेथे इंधन आणि किराणा विमानाने येतो, रोजगार अल्प आहे, मुले शहराकडे जातात. व्यापारी मासेमारीचा हंगाम काही आठवड्यांचा, आणि तिचे परवाने मोठ्या प्रमाणावर बाहेरच्यांच्या हाती गेलेले. बारमाही मजुरीचे आश्वासन अशा ठिकाणी क्षुल्लक ठरत नाही. शिवाय विजेच्या वाढत्या वापरासाठी जगाला तांबे लागणारच, ते येथून नाही तर अधिक शिथिल कायद्यांच्या देशांतून येईल, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे.

७. निर्णय

शासकीय निर्णयांचा इतिहास वळणांचा आहे. २०१४ मध्ये अभिकरणाने निर्बंध प्रस्तावित केले. शासन बदलल्यावर २०१९ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. जुलै २०२० मध्ये लष्कराच्या अभियंता दलाने आपल्या अहवालात, नेहमीच्या कामकाजात माशांच्या संख्येवर मोजता येण्याजोगा परिणाम अपेक्षित नाही, असे म्हटले. आणि त्याच दलाने २५ नोव्हेंबर २०२० रोजी, सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून, परवाना नाकारला. ३० जानेवारी २०२३ रोजी अभिकरणाने स्वच्छ जल अधिनियमातील क्वचितच वापरला जाणारा अधिकार वापरून या साठ्याच्या खाणकामातील माती व खडक तेथील पाण्यात टाकण्यास प्रतिबंध केला. २०२० च्या योजनेने सॅमन असल्याची नोंद असलेले सुमारे १४ किलोमीटर प्रवाह नष्ट होतील, त्यांना पोसणारे आणखी सुमारे १४६ किलोमीटर प्रवाह जातील, सुमारे ८५० हेक्टर पाणथळ व इतर जलक्षेत्रे नाहीशी होतील आणि आणखी सुमारे ४७ किलोमीटर प्रवाहांतील पाण्याचे मासिक मान २० टक्क्यांहून अधिक बदलेल, असे या निर्णयात नोंदविले आहे. मार्च २०२४ मध्ये कंपनीने आणि अलास्का राज्याने या निर्णयाविरुद्ध संघीय न्यायालयांत दावे दाखल केले. साठा राज्याच्या मालकीच्या जमिनीत असल्याने राज्याच्या हक्काचा मुद्दाही त्यात आला.

या आकड्यांबाबत एक गोष्ट विसरता कामा नये. २०२० ची योजना सुमारे १३० कोटी टन खडकापुरती, म्हणजे ज्ञात साठ्याच्या एका लहान हिश्श्यापुरती होती. अभियंता दलाच्या त्याच अहवालात ७८ वर्षांत ८६० कोटी टन काढण्याच्या संभाव्य विस्ताराचाही विचार आहे. एकदा रस्ते, बंदर आणि वीज तेथे पोहोचल्यावर काम २० वर्षांत थांबेल, असे गृहीत धरणे व्यवहाराला धरून होणार नाही.

न्यायालयांचा निकाल काहीही लागो, दोन्ही संपत्तींच्या स्वभावातील एक असमतोल त्याने बदलत नाही. खनिज नाशिवंत नाही. ९ कोटी वर्षे ते जमिनीत होते. आज न काढले तर पुढील पिढीला, कदाचित अधिक सुरक्षित तंत्राने, काढता येईल. खाण लांबणीवर टाकण्याचा निर्णय फिरविता येतो. ओढ्याची मात्र तशी सोय नाही. उगमाकडचा एखादा समुदाय संपला, तर त्या पाण्याच्या गंधाचा ठसा घेतलेला मासाच उरत नाही आणि ओढा पुन्हा भरून वाहू लागला तरी त्याकडे परतणारे कोणी नसते. म्हणून पुराव्याचे ओझे कोणी वाहावयाचे, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंना समान मानून देता येत नाही. चंद्रसूर्यापर्यंत पाणी शुद्ध ठेवण्याचे वचन देऊ इच्छिणाऱ्याने ते पाळणारी संस्था आधी दाखविली पाहिजे. नदीकाठच्या गावांनी आपला दाखला ४,००० वर्षांच्या वहिवाटीतून दिलेला आहे.